ज्याची त्याची जागा

दूध साठवून ठेवलं की नासतं, हे आमच्या संघात शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पुण्याहून एक सर आले आणि शिकवून गेले की साठा म्हणजे पाप! नटबोल्टांचा साठा पाप, डिझेलचा साठा पाप, रिकाम्या कॅनचा साठासुद्धा पाप. आम्ही मन लावून सगळे साठे संपवले. आता संघही नाही. साठून राहिलेत ते फक्त किस्से. आम्ही जुने काहीजण भेटलो की एकाचा सुरू होतो, दुसरा म्हणतो, "थांब, त्याच्या आदी काय झालतं ते सांग," आणि चहा गार होतो. आधी हसून हसून डोळ्यांत पाणी येतं. मग कुणीतरी सुमनताईंचं नाव काढतं आणि सगळे तो गार चहा पिऊन टाकतात.

मी त्या प्लँटच्या लॅबमध्ये होते. वडवणीच्या थोडं पुढं, रस्त्याला लागूनच प्लँट. गावोगावचं दूध घ्यायचं, गार करायचं, थोडं पिशव्यांत भरायचं, उरलेलं पुढं पाठवायचं. सहकारी संघ, म्हणजे मालक सगळेच आणि जाब विचारायचा कुणालाच नाही! त्यात लागोपाठ दुष्काळाची वर्षं. चारा संपला, विहिरी आटल्या, मग दूधही आटायला लागलं. वरून निरोप आला: प्लँट सुधारा, नाहीतर कुलूप लावा. आमचे मॅनेजर काळे साहेब घाबरले आणि त्यांनी निखिल सरांना आणलं.

निखिल सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. पोरगेलेसे, हसतमुख, डॉकवर बसून आमच्याबरोबर भाकरी खायचे. त्यांच्यावर राग धरावा असं खूपदा वाटलं. जमलं नाही.

* * *

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना डॉकवर गोळा केलं. "आपल्याला लीन व्हायचंय," ते म्हणाले. "लीन म्हणजे अंगावर फालतू चरबी नसलेला. गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं जे नाही, ते सगळं वाया. जपानी लोक त्याला मुदा म्हणतात. मुदा ओळखायचा आणि काढून टाकायचा. कुणाला काही शंका?"

बळीमामांनी हात वर केला. बळीमामा म्हणजे आमचे डॉक सुपरवायझर. टेम्पोतून आलेले कॅन उतरवून घेणं त्यांचं काम, आणि जीभ अशी की ताजं दूध फाटावं.

"सर, ह्ये लीन व्हायला किती टाइम लागतो?"

"घाई करून चालत नाही मामा. चांगल्या चांगल्या कंपन्यांना वर्षंच्या वर्षं लागतात."

"आसं व्हय?" मामा म्हणाले. "आमची जनावरं तर एका उन्हाळ्यात झाली की!"

सगळे खो खो हसले. सरही हसले. मग त्यांची नजर रस्त्यापलीकडच्या चारा छावणीकडं गेली. तिथल्या गायींच्या बरगड्या डॉकवरून मोजता येत होत्या. सरांनी फळा पुसायला घेतला, अजून त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

* * *

मग आला लाल चिठ्ठीचा आठवडा. नियम साधा. प्लँटमधली एकेक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, 'ही लागते का?' लागत नसेल तर तिला लाल चिठ्ठी बांधून मागच्या खोलीत टाकायची. ठरलेल्या मुदतीत कुणी मागायला आलं नाही की भंगारात.

काय काय निघालं म्हणून सांगू! तीन पायांच्या खुर्च्या, कुठल्याशा निवडणुकीचे फलक, आधीच्या साहेबांचा कोट, एक ढोलकी. ढोलकी कुणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही. आणि सुमनताईंच्या कपाटातून निघाला कोयता. ऊस तोडायचा, मुठीला चिंधी गुंडाळलेला, चांगला धार लावलेला.

सर दचकलेच. "ताई, दुधाच्या प्लँटमध्ये कोयता?"

सुमनताई आमच्याकडं कॅन धुवायच्या. चणीनं एवढ्याशा, आवाज मात्र डॉकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी उमेद ऊसतोडीत गेलेली. उसाची गाडी उलटून नवऱ्याचा पाय गेला, तेव्हापासून त्या संघात रोजंदारीवर आल्या. त्यांचं एकच म्हणणं होतं: धाकटी पोरगी दहावी होईस्तोवर गाव सोडायचं नाही. तोडीला गेलं की अर्धं वर्ष परमुलखात, उसाच्या फडाशेजारी पालात. पोरीची शाळा सुटते ती सुटतेच. थोरलीची तशीच सुटली होती.

"घरी ठिवला की मुकादमाला वास लागतो, सर," सुमनताई म्हणाल्या. तोडणीच्या टोळ्या जमवणारा तो मुकादम. "दसरा आला की दारात बसतो. चला म्हनतो. कोयताच न्हाई म्हनलं की दुसरं दार बघतो."

"मग टाकूनच द्या ना. परत जायचं नाही म्हणता."

जेवण झालं म्हणून चूल फोडायला सांगावं तशा सुमनताई त्यांच्याकडं बघत राहिल्या. "लागंल, सर."

"कधी?"

"प्लँट बंद पडल्याव."

"अहो ताई, तो बंद पडू नये म्हणून तर मी आलोय!" सर मनापासून हसले आणि कोयत्याला लाल चिठ्ठी बांधली.

* * *

त्यानंतरचा धडा, ज्याची त्याची जागा. हा धडा गफूरभाईंनी असा उचलला की सरच घाबरले.

गफूरभाई बॉयलर आणि दुरुस्ती बघायचे. बोलणं कमी, तेही अर्धं दखनी, अर्धं मराठी. सरांनी सांगितलं की हत्यारांसाठी एक मोठा बोर्ड करा, प्रत्येक पाना, पकड, हातोडा खिळ्याला टांगा आणि त्याच्या आकाराची रेघ बोर्डावर मारा. म्हणजे वस्तू जागेवर नसली की पडलेल्या दातासारखी लांबून दिसते. ज्यानं वस्तू नेली त्यानं आपल्या नावाचा पितळी बिल्ला त्या खिळ्याला लावायचा. वस्तू परत, बिल्ला परत.

गफूरभाईंनी पांढऱ्या बोर्डावर पिवळ्या रंगानं अशा रेघा मारल्या की पुण्याहून फोटो काढायला माणसं आली. आणि बिल्ल्याशिवाय ते स्वतःच्या सख्ख्या भावालाही पाना देईनात.

अशात खंडेनवमी आली. सर सणाला पुण्याला गेले होते. बॉयलरसमोर हत्यारं मांडली, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. सुमनताई म्हणाल्या, "माझाबी कोयता काडा की. वर्साचा दिस हाय."

बळीमामांनी मागची खोली उघडली, चिठ्ठी सोडली आणि खिशात घातली. "पूजेच्या दिशी हत्याराला चिठ्ठी बांदत न्हाईत," म्हणाले.

पूजा झाली. सगळी हत्यारं बोर्डावर आपापल्या जागी गेली आणि कोयता राहिला. गफूरभाईंनी इकडंतिकडं पाहिलं, बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक खिळा ठोकला, कोयता टांगला आणि त्याच्याभोवती पिवळी रेघ मारली.

सर परत आले ते बोर्डासमोर कमरेवर हात ठेवून उभेच. "गफूरभाई, हे काय?!"

"तुमीच बोले ना सर, हर चीज को उसकी जगा होना."

"लागणाऱ्या चीजेला! कोयता इथं लागत नाही."

"नै लगा तो अच्छाच है ना, सर," गफूरभाई म्हणाले आणि बॉयलरकडं वळले.

कोयता बोर्डावरच राहिला.

* * *

आता आबांचा किस्सा. आबा म्हणजे संघाचे चेअरमन. पंचक्रोशीत पान हललं तरी ते आबांना विचारून हलायचं.

पिशव्या भरायचं नवं मशीन आलं, आबा नारळ फोडायला आले. मागं कार्यकर्त्यांचा हा घोळका! नारळ कसला टणक, पायरीवर आपटून फुटेना. आबा स्वतः बोर्डाकडं गेले आणि हातोड्याला हात घातला.

"आबा, बिल्ला?" गफूरभाईंनी विचारलं.

घोळक्यातला एकजण पुढं सरसावला. "कावून बे, आबाला वळखत न्हाईस का?"

"मै पैचानता. बोर्ड नै पैचानता."

काळे साहेबांचा चेहरा पांढराफटक. आता ह्याची नोकरी गेली, असंच सगळ्यांना वाटलं. पण आबा राजकारणात मुरलेले. मोठ्यानं हसले, डोक्यावरची टोपी काढली, हातोड्याच्या खिळ्याला टांगली आणि म्हणाले, "घे, ह्यो माझा बिल्ला!" टाळ्या पडल्या. नारळ फुटला. भाषणात आबांनी शिस्तीचं कौतुक केलं आणि गडबडीत हातोड्यासकट जीपमध्ये बसून गेवराईला दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आबांचा माणूस आला. "आबांची टोपी द्या."

"हातोडा लाव," गफूरभाई म्हणाले.

माणूस तणतणत गेला. संध्याकाळी जीप आली. हातोडा जागेवर, टोपी आबांकडं!

* * *

निखिल सरांची आवडती युक्ती म्हणजे पाच वेळा 'का' विचारणं. काही बिघडलं की का, का, का करत मुळापर्यंत जायचं. आमच्यात राहून सर 'का' सोडून 'कावून' म्हणायला लागले होते. त्यांच्या तोंडी ते गोड वाटायचं.

एकदा कॅनच्या कॅन फाटलेलं दूध आलं. सरांनी बैठक बोलावली. आबा योगायोगानं संघात होते, तेही येऊन बसले. भिंतीवर पाच चौकोनांचा कागद लावला.

"काल दूध फाटलं. कावून?"

"उनात आलं म्हनून," बळीमामा म्हणाले.

"उन्हात कावून?"

"टेम्पो उशिरा निगाला."

"टेम्पो कावून उशिरा?"

"बायकाच धारा काडायला उशिरा बसल्या, सर."

"त्या कावून?"

"पान्याच्या टँकरची वाट बगत हुत्या की. टँकर यायचा सकाळी, त्यो आला उनं झाल्याव."

सरांचा चेहरा उजळला. मूळ सापडत आलं होतं. त्यांनी पाचव्या चौकोनावर पेन टेकवलं. "आणि टँकर कावून उशिरा आला?"

खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. टँकर आबांच्या पुतण्याचे, आणि पहिली खेप त्याच्या मोसंबीच्या बागेला जायची. बळीमामा तंबाखू मळायला लागले. सुमनताई पदराचं टोक बघत होत्या. आबा पंख्याकडं. मीही गप्प बसले, खोटं कशाला सांगू!

"चहा सांगा रे," काळे साहेब म्हणाले.

पुढच्या आठवड्यात भिंतीवर नवा छापील कागद लागला. त्यावर चारच चौकोन होते.

* * *

एके दिवशी सरांनी फळ्यावर नदी काढली. नदीत पाणी, पाण्यात एक नाव, पाण्याखाली मोठे मोठे खडक.

"हे पाणी म्हणजे आपला साठा," ते समजावू लागले. "भरपूर साठा असला की नाव मजेत चालते. पण खाली खडक आहेत हे कळतच नाही. खडक म्हणजे आपले दोष. म्हणून हळूहळू पाणी कमी करायचं. पाणी उतरलं की खडक उघडे पडतात. मग ते फोडता येतात."

सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. खिडकीतून मागची नदी दिसत होती. म्हणजे तिची जागा दिसत होती. तिकडं गेवराईला गोदावरीतसुद्धा त्या वर्षी वाळू तेवढी वाहत होती, तीही ट्रकमधून.

शेवटी गफूरभाई म्हणाले, "सर, पानी तो कबका उतर गया. खडक बी सब दिख रै. अब क्या करना, वो बोलो."

सरांनी खडूकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. "आपण ब्रेक घेऊ," म्हणाले.

पण धडा सोडतील तर ते सर कसले! आमच्याकडं पाण्याचा एक मोठा हौद होता, कॅन धुवायला. त्याची एक भिंत झिरपायची. सर म्हणाले, हौद भरून ठेवायचाच नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढं पाणी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी छोटा टँकर फाटकात येईल, थेट कॅन धुवायच्या नळाला जोडायचा, झिरपणं बंद. कागदावर एकदम बरोबर.

पहिल्या दिवशी सर घड्याळ धरून फाटकात उभे. आणि खरंच, ठरल्या मिनिटाला टँकर वळला! सरांनी आनंदानं टाळी वाजवली. टँकर खड्ड्यातून आत आला आणि रिकाम्या पिंपासारखा वाजला.

ड्रायव्हर खाली उतरला. "टायमात आलो का न्हाई, सर?"

"पाणी?"

"पानी बायकांनी उतरून घेतलं. घागरी घिऊन रस्त्यात आडव्या बसल्या. म्हनल्या, दुधाच्या डब्यांनी आंगुळ करायची आन् आमच्या लेकरांनी काय वल्ली वाळू चोखायची?"

"कुनी, कुनी आडवलं?" बळीमामा गरजले.

"मामा, तुमच्याच घरच्या पुढं हुत्या."

मामांचा आवाज खाली आला. "मग टँकर माघारी आला ह्येच लई झालं," म्हणाले.

आम्ही तेव्हाही हसलो आणि आत्ताही हसतो. पण त्या दिवशी धुतलेले कॅन नव्हते. गावोगावचं दूध डॉकवरून परत गेलं. परत नेताना कुणी आम्हाला शिवी दिली नाही, त्याचंच वाईट वाटलं. त्यातले काहीजण पुन्हा आलेच नाहीत. घाटनांदूरकडच्या एका पाहुण्यानं दुभत्या म्हशी बाजारात कशा मातीमोल जात होत्या ते मला सांगितलं, तेव्हा मी विषय बदलला होता.

* * *

दोरीचा किस्सा सांगायलाच हवा. पिशव्या भरायच्या मशीनवर सरांनी एक लाल दोरी बांधली. काहीही चुकतंय असं दिसलं की कुणीही, अगदी रोजंदारीवरच्या माणसानंही दोरी ओढायची. घंटा वाजते, मशीन थांबतं. "आणि साहेबांनी येऊन सर्वांत आधी काय म्हणायचं?" सर विचारायचे. "थँक्यू म्हणायचं! ज्यानं चूक दाखवली त्याचे आभार. सगळी फिलॉसॉफी ह्या एका शब्दात आहे!"

महिनाभर दोरीला कुणी बोट लावलं नाही. दोरी ओढणं म्हणजे साहेबाची गचांडी धरणं, एवढं सगळ्यांना कळत होतं.

शेवटी ओढली ती सुमनताईंनी. पिशव्यांचं तोंड नीट चिकटत नव्हतं, दूध जमिनीवर चाललं होतं. घंटा घणाणली. काळे साहेब ऑफिसातून तांबडेलाल होऊन धावत आले, "कुणी थांबवलं रे..." आणि समोर निखिल सर! साहेबांनी शर्ट सारखा केला. दातावर दात ठेवून म्हणाले, "थँक्यू, सुमनताई."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

जेवताना सुमनताईंचा घास हातातच. मी म्हटलं, "काय झालं हो? चांगलं काम केलंत की."

"म्याडम, साहेब मला थँक्यू म्हनले. आता मला काडतेत बगा! पोरगी नववीत हाय वो."

काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दोरी मात्र उंच बांधली होती, सेफ्टीसाठी म्हणे. सुमनताईंचा हात पोचणार नाही इतकी.

* * *

पुढच्या वर्षीही पाऊस झाला नाही. डॉकवर सकाळी गर्दी असायची तिथं बळीमामा एकटे बसून तंबाखू मळायचे. मशीन अर्धा दिवस, मग एक दिवसाआड. मी लॅबमध्ये फॅटच्या कोरड्या नळ्या पुन्हा पुन्हा पुसायचे. हाताला काम नसलं की माणूस स्वच्छतेला लागतं.

आणि ह्या दिवसांत आमचा प्लँट पहिला आला! सरांच्या कंपनीची माणसं तपासायला आली, कागद घेऊन फिरली. साठा? शून्य. नासाडी? शून्य. माल पडून राहणं? शून्य. नको तेवढं उत्पादन? तेही शून्य! असा प्लँट त्यांनी कुठंच पाहिला नव्हता. काचेची ढाल मिळाली. आबा फोटोला उभे राहिले.

"दूदच न्हाई तर नासंल काय?" बळीमामा पुटपुटले. तपासनीस मराठी होते, त्यांनी ऐकलं. पण त्यांच्या कागदावर दुधासाठी रकानाच नव्हता.

निखिल सरांनी ढाल हातात घेतली नाही. कार्यक्रम संपल्यावर ते डॉकवर येऊन बसले, मी शेजारी बसले. सर म्हणाले, "मॅडम, मी काहीच चुकीचं शिकवलं नाही हो."

"नाही सर," मी म्हटलं. ते खरंच होतं, आणि मला भयंकर राग आला होता. सरांचा नाही, कुणाचा ते आजही सांगता येत नाही.

त्याच महिन्यात संचालकांची सभा झाली. फाटकावर बंदची नोटीस लागली, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. ढाल ऑफिसात आत होती, नोटीस बाहेर.

* * *

पूजा तरी करू, असं बळीमामा म्हणाले. हत्यारं मांडली. झेंडू महाग होता, एकेक फूल प्रत्येकाला. सर नव्हते, काळे साहेबांची बदली झाली होती. आम्ही चौघंच.

दसरा झाला आणि सुमनताई सकाळीच आल्या. लुगड्यावरून पुरुषाचा जुना शर्ट घातलेला, तोडीला जाताना बायका घालतात तसा. फाटकाबाहेर मुकादमाचा ट्रॅक्टर उभा, त्यात भांडी, गोधड्या, एक शेळी. नवरा कुबडी आडवी धरून वर बसलेला.

त्या सरळ बोर्डाकडं गेल्या. कोयत्यावर कुंकू तसंच होतं. त्यांनी तो खिळ्यावरून काढला, अंगठ्यानं धार पाहिली.

गफूरभाईंनी हात पुढं केला. "बिल्ला?"

मला वाटलं आता मी ओरडणार. अहो, प्लँट बंद झालाय, कसला बिल्ला! पण सुमनताईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी पदराची गाठ सोडली, बिल्ला काढला, शर्टाला घासून पुसला आणि कोयत्याच्या खिळ्याला लावला.

"पोरगी?" मी विचारलं.

"संगंच," त्या म्हणाल्या.

ट्रॅक्टर गेला. बळीमामा कितीतरी वेळ रस्त्याकडं पाठ करून उभे होते.

मधे किती दसरे गेले. संघाचं भंगार काढायचं ठरलं, तेव्हा लॅबची भांडी ताब्यात द्यायला मला बोलावलं. गफूरभाई तिथंच होते, राखणदार म्हणून, दाढी पांढरी झालेली. भंगारवाल्यानं मशीन नेलं, कॅन नेले, पाने-पकडी पोत्यात भरल्या, लाल दोरीसुद्धा गुंडाळून घेतली. शेवटी तो त्या बोर्डाला हात घालायला गेला.

"उसको हात नक्को लगाव," गफूरभाई म्हणाले.

"आवो चाचा, रिकामं फळकूट ते. त्याव हाय काय आता?"

गफूरभाई उठले, बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातला बिल्ला बाहीनं पुसला आणि पुन्हा होता तसा लावला.

"एक चीज बाहर गई हुई है," ते म्हणाले. "वापस आनी बाकी है."